नजर हिकडं

आकाराम कुंभारानं एकतीस वर्षं लग्नाचे फोटो काढले आणि या एकतीस वर्षांत त्याला कलेचा एकदाही झटका आला नाही, याचा त्याला फार अभिमान होता. उचगावात बसथांब्यासमोर त्याचा ‘वर्षाराणी फोटो स्टुडिओ’. वर्षाराणी ही त्याची मुलगी. ती लग्न होऊन इचलकरंजीला गेली, पाटी मात्र राहिली. आत एक स्टूल, एक निळा पडदा, दोरीला बांधलेला कंगवा आणि आरशाखाली पावडरचा डबा. आधार कार्डापासून श्रद्धांजलीच्या फ्लेक्सपर्यंत गावातली सगळी तोंडं त्याच्या हाताखालून गेलेली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो मुलीकडच्या घरी चहाला जायचा आणि लाल डायरीत मानाची माणसं लिहून घ्यायचा. मामा किती, आत्या किती, आजोळचं कोण येणार, भावकीत कुणाचं कुणाशी वाकडं आहे. दुसऱ्या दिवशी स्टेजवर चढलेल्या माणसाला तो खांद्याला धरून जागेवर उभं करायचा, बायकांना पदर सारखे करायला लावायचा आणि अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल असा ओरडायचा, “नजर हिकडं!” सगळी भावकी छाती पुढं काढून त्याच्याकडं बघायची. मग फ्लॅश. “लग्न अक्षतांनी लागतंय,” तो म्हणायचा, “पर टिकतंय अल्बमनं.”

रोलच्या काळात तो बिनमहत्त्वाच्या पाहुण्यांवर फोटो न काढता नुसता रिकामा फ्लॅशही मारत असे. रोल वाचायचा आणि पाहुणा तोंडावर उजेड घेऊन खूश होऊन जेवायला जायचा. यात आपण काही वाईट केलं असं आकारामला कधी वाटलं नाही. माणसाचा मान राखला, एवढं त्याला पुरे होतं.

अशा माणसाच्या वाट्याला ऋषभ मगदूम आला.

ऋषभ हा दादासो मगदुमांचा एकुलता मुलगा. दादासोंचं हायवेला पंप आणि पाइपांचं दुकान. पोरगं इंजिनियर झालं, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तीन वर्षं फाउंड्रीत घाम गाळला आणि मग एकदम हॉलंडला गेलं, आइंडहोवन नावाच्या गावाला. तिथं मशिनांची डिझाइनं करायचं. इथवर सगळं ठीक होतं. उचगावातली पोरं आता कुठंही जातात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण दुसऱ्या वर्षी ऋषभनं कॅमेरा घेतला आणि तिथून त्याचं बिनसलं, असं आकारामचं ठाम मत होतं.

दर शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की स्वस्तातलं विमान पकडायचं आणि कुठं तरी जायचं. प्राग, लिस्बन, मोरोक्को, आइसलँड. दोन दिवस तंगडतोड करायची आणि रविवारी रात्री खोलीवर परत. सोमवारी सकाळी मगदुमांच्या घरच्या ग्रुपवर फोटो पडायचे. धुक्यातला पूल. ओल्या रस्त्यात पडलेला दिव्याचा उजेड. खिडकीत वाळत घातलेला एकच मोजा. पाठमोरी म्हातारी. पाठमोरा पाद्री. पाठमोरं कुत्रं. भावकी न बघताच अंगठे दाखवायची. आई, अक्काताई, तेवढी चष्मा लावून प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून बघायची आणि दर सोमवारी खाली एकच ओळ लिहायची: ‘ह्यात तू कुठाय?’

सहा वर्षांत त्या ओळीला उत्तर आलं नाही.

गावी आला की ऋषभ मात्र न चुकता आकारामच्या स्टुडिओत यायचा. लहानपणी इथंच स्टुलावर बसून त्याचा पहिला फोटो निघाला होता, त्यामुळं आकाराममामा आपल्याच जातकुळीतला आहे असा त्याचा समज होता. लॅपटॉप उघडून तो फोटो दाखवायचा आणि लाईट, मोमेंट, कँडिड असले शब्द टाकायचा. आकाराम चहा पीत ऐकून घ्यायचा.

“ही म्हातारी कोण?” एकदा त्यानं विचारलं. मोरोक्कोच्या कुठल्याशा बोळातली बाई होती, हातात पावाची टोपली.

“माहीत नाही, मामा. अशीच दिसली.”

“नाव इचारलंस?”

“नाही.”

“फोटो दिलास तिला?”

“तिला कळलंच नाही ना मी काढला ते. तीच तर गंमत आहे.”

आकारामनं कप खाली ठेवला. माणसाचा फोटो त्याला न विचारता काढायचा, त्याला द्यायचा नाही आणि वर साऱ्या जगाला दाखवायचा, याला त्याच्या लेखी एकच शब्द होता आणि तो चोरी. पण दादासोंचं पोरगं म्हणून तो गप्प बसला. गिऱ्हाईक आल्यावर त्यानं लॅपटॉप बाजूला सरकवला आणि पासपोर्ट साइजचे आठ फोटो मन लावून कापले.

गेल्या वर्षी ऋषभच्या बहिणीचं, ऐश्वर्याचं, लग्न ठरलं. नृसिंहवाडीच्या अलीकडच्या एका गावातले चौगुले. घर चांगलं, मळा बागायती, पोरगा बँकेत. आकारामनं लाल डायरीचं नवं पान उघडून ठेवलं. मगदुमांच्या घरातलं बारसं असो, मुंज असो की माती असो, फोटोला आकारामच, हे इतकं ठरलेलं होतं की विचारायची पद्धतच नव्हती. त्यामुळं दादासो स्वतः स्टुडिओत येऊन स्टुलावर बसले तेव्हा त्याला वाटलं, तारीख सांगायला आले असतील.

“आकाराम,” दादासो जमिनीकडं बघत म्हणाले, “फोटो औंदा ऋषभच काढतो म्हणतोय. त्येची लई हौस हाय. तू आपला पावणा म्हणून ये. घरच्यावानी.”

“येतो की,” आकाराम म्हणाला.

दादासो गेल्यावर त्यानं डायरीतलं पान फाडलं. मग ते सरळ करून परत डायरीतच ठेवलं, कारण त्यावर चौगुल्यांकडची माहिती आधीच टिपलेली होती आणि ती माहिती साधी नव्हती. नवऱ्या मुलाचे वडील आप्पासो चौगुले आणि त्यांचे थोरले भाऊ नेमगोंडा अण्णा. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. घरं भिंतीला भिंत लागून. मधलं दार अकरा वर्षं कडी लावून बंद. अण्णा लग्नाला येणार का, हे खुद्द आप्पासोंनाही ठाऊक नव्हतं. आकारामनं त्या नावाखाली दोन रेघा मारल्या होत्या.

लग्न डिसेंबरात झालं, हातकणंगल्याजवळच्या कार्यालयात. आकाराम इस्त्रीचे पांढरे कपडे घालून, टोपी लावून पाहुणा म्हणून गेला आणि स्टेजसमोरच्या खांबाला टेकून उभा राहिला. एकतीस वर्षांत प्रथमच त्याचे हात रिकामे होते. ते त्यानं खिशात घातले.

तिथून त्यानं जे बघितलं त्यानं त्याचं मन तृप्त झालं. ऋषभ काळा शर्ट घालून कार्यालयभर वाकत, रांगत, सरपटत होता. मुलीचे मामा स्टेजवर उभे होते आणि हा त्यांच्या पायाशी बसून ऐश्वर्याच्या मेंदीचा फोटो काढत होता. आत्यांचा घोळका पदर सारखे करून वाट बघून खाली उतरला, तेव्हा हा दारात चपलांच्या ढिगापुढं गुडघे टेकून बसला होता. फ्लॅश नाहीच. नैसर्गिक उजेड पाहिजे म्हणे! पाहुणे स्टेजवर जायचे, ताठ उभे राहायचे, उजेड कधी पडतो याची वाट बघायचे आणि ओशाळून जेवायला जायचे. आकाराम मनातल्या मनात एकेकाला मोजत होता.

अक्षता पडून अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात कार्यालयात एकदम कुजबूज झाली. नेमगोंडा अण्णा आले होते. धोतर, कोट, पिवळा फेटा. कुणाकडं न बघता सरळ स्टेजवर चढले, ऐश्वर्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि धाकट्या भावाशेजारी जाऊन उभे राहिले. आप्पासोंचा चेहरा पांढरा पडला. मग अण्णांनी सावकाश उजवा हात उचलला आणि भावाच्या खांद्यावर टाकला. दोघं समोर बघत थांबले.

अख्ख्या लग्नात काढण्यासारखा फोटो तो एकच होता. आकारामला ते कळलं, कारण त्याच्या पाठीतून शिरशिरी गेली. ऋषभ कुठं आहे म्हणून त्यानं बघितलं. तो लांब, स्वयंपाकघराच्या दाराशी, मसालेभाताच्या पातेल्यातून निघणाऱ्या वाफेत उभा होता. कॅमेरा डोळ्याला होता, पण रोख वाफेवर की स्टेजवर, ते इकडून कळत नव्हतं. आकारामच्या उजव्या खिशात मोबाईल होता. हात त्याच्यावरच होता. नुसता बाहेर काढायचा, एक बोट लावायचं. पण त्यानं हात तसाच दाबून धरला. ‘पडू दे तोंडावर,’ तो स्वतःशी म्हणाला, ‘कळू दे जगाला.’ स्टेजवरचे दोघे बराच वेळ थांबले. मग अण्णांनी हात काढला आणि ते खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी चौगुल्यांचं मधलं दार अकरा वर्षांनी उघडलं. ऐश्वर्या त्या दारातून रोज अण्णांच्या घरी ताक घेऊन जाऊ लागली. तिकडची चुलत सासू तिला लिंबाचं लोणचं देऊन परत पाठवायची. गावातल्या बायका सांगू लागल्या, सून पायगुणाची निघाली.

बारा दिवसांनी अल्बम आला. जाड पानांचा, चांगला वजनदार, वर एकही नाव नाही. चौगुल्यांच्या सोप्यात भावकी जमली, चहा झाला आणि थोरले म्हणून अल्बम अण्णांच्या मांडीवर ठेवला गेला. हे सगळं आकारामला पुढं ऋषभच्या आईनं, अक्काताईंनी सांगितलं. त्या तिथं होत्या.

पहिल्या पानावर तोरणाची सावली. दुसऱ्यावर मेंदीची बोटं. मग जमिनीवर पडलेल्या अक्षता. ऐश्वर्याची पाठ. कुणाचा तरी कान आणि त्यातलं कुडं. मग दोन पानं भरून, काळ्यापांढऱ्यात, चपलांचा ढीग.

“ह्या चपला कुणाच्या?” एका म्हातारीनं विचारलं. कुणालाच सांगता येईना.

पुढं भाताची वाफ, सबंध पान. कार्यालयाची खिडकी. खिडकीतलं कबुतर. आत्या नव्हत्या, मामा नव्हते, आप्पासो एका पानावर होते पण अर्धेच. अण्णा थुंकी लावून एकेक पान उलटत गेले. शेवटचं पान उलटलं, पुठ्ठा बघितला, परत पहिल्यापासून सुरू केलं. सोप्यात कुणी हललं नाही.

“मी कुठाय?” अण्णांनी विचारलं.



“म्हंजे मी आलतोच न्हाई,” अण्णा म्हणाले. “आप्पा, तूच सांगितलं असशील त्यास्नी. म्हाताऱ्याला गाळा म्हणून. मांजराचा फोटो असता तर ठेवला असता, हितं कबुतराचा ठेवलाय.” त्यांनी अल्बम खाली ठेवला आणि मधल्या दारातून आपल्या घरात गेले. पलीकडून कडी लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

त्या दिवसापासून ताकाचा तांब्या बंद. सासू ऐश्वर्याला फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, “अकरा वर्षांनी उघडलेलं दार, बाई, तुझ्या भावानं बारा दिसांत लावलं.” पायगुणाची सून आठवड्याभरात पांढऱ्या पायाची झाली. पोरगी रोज दुपारी मोरीत जाऊन आईला फोन लावायची आणि नुसती रडायची.

दादासो परत स्टुडिओत आले. या वेळी ते स्टुलावर बसले नाहीत.

“आकाराम, कायतरी कर. लेक माझी सुकाय लागली.”

आकारामला आतून उकळ्या फुटत होत्या. त्यानं चेहरा गंभीर केला. “धाडा त्येला,” तो म्हणाला. “समदे फोटो घिऊन ये म्हणावं. अल्बमातलं न्हाईत, समदे. कुठल्या तरी कोपऱ्यात अण्णा सापडतील. मी काढतो मोठं करून.”

ऋषभ आला तो तोंड पाडून. तीन दिवसांनी त्याचं विमान होतं. आकारामनं त्याला मुद्दाम गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः खुर्चीत बसला. लॅपटॉपवर फोटो सरकू लागले. सातशे फोटो. बोटं, सावल्या, फुलं, वाफ. स्टेजवरचं एकही सबंध माणूस नव्हतं.

“लग्नात एवढंच काढलंस?”

“नाही. काढले होते अडीच हजार. बाकीचे पुसले.”

“का?”

“बिघडलेले होते, मामा. लोक कॅमेऱ्याकडं बघत होते.”

आकारामला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो खुर्चीतून उठलाच. “आणि अण्णा? दोघं भाऊ हुबं हुतं, खांद्यावर हात टाकून?”

ऋषभनं मान खाली घातली. “काढला होता. भाताजवळून, लांबची लेन्स लावून. चांगला आला होता. पण दोघंही अगदी सरळ लेन्समध्ये बघत होते, पुतळ्यासारखे. रात्री बसून तसले सगळे पुसले.”

“आरं गाढवा,” आकाराम म्हणाला. “आरं, रोलच्या टायमाला मी रिकामा फ्लॅश मारत हुतो, पर माणूस खूश हून जात हुता. तू भरल्याला मारलास आणि घरी जाऊन रिकामा केलास!”

पोरगं हळूच म्हणालं, “तिकडं सवय लागली, मामा. शनिवारी खोलीत बसलं की भिंती खायला येतात. म्हणून कॅमेरा घेऊन बाहेर पडायचो. रस्त्यात काढताना कुणी वळून बघितलं की छातीत धस्स व्हायचं. का काढलास म्हणून लोक भांडतात तिथं, पोलिसाला बोलावतात. कुणी बघितलं की मी लगेच त्याच्या देखत फोटो पुसायचो आणि सॉरी म्हणायचो. सहा वर्षं हेच केलं. बघणारं माणूस म्हणजे आपली चूक, असंच डोक्यात बसलंय.”

आकारामला क्षणभर त्याची कीव आली. सहा वर्षं आपल्याकडं कुणी बघितलं की भीती वाटायची, हे कसलं जिणं! पण कीव त्याला फार वेळ झेपत नसे. “ते तिकडं,” तो म्हणाला. “हितं माणूस तुझ्याकडं बघतोय म्हंजे तुला परवानगी देतोय. लग्नात दोन हजार माणसांनी दिली, तू ती पुसलीस. कार्ड आण हिकडं.”

पुसलेले फोटो परत काढायचा प्रोग्रॅम प्रत्येक स्टुडिओवाल्याकडं असतो. पुसल्यावर त्या कार्डावर दुसरं काही काढलं नसेल, तर बहुतेक फोटो जिवंत निघतात. आकारामनं कार्ड आपल्या कॉम्प्युटरला लावलं. पट्टी सरकत गेली आणि फोटो वर येऊ लागले. धुकं. धुक्यात नाव. धुक्यात घाट. पाठमोरा नावाडी. परत धुकं.

“हे काय?”

“नृसिंहवाडी,” ऋषभ म्हणाला. “लग्नानंतर दोन दिवसांनी पहाटे गेलो होतो. लाईट सुंदर होता.”

“ह्याच कार्डावर?”

“हो.”

अकराशे चाळीस फोटो धुक्याचे. त्याच्याखाली लग्न गाडलं गेलं होतं. आकारामनं दीड तास खटपट केली. हाती लागला तो स्टेजच्या कोपऱ्याचा एक तुकडा, त्यात फेट्याचं पिवळं टोक. बाकी सगळं करडं.

प्रोग्रॅम बंद करताना आकारामचा हात सवयीनं उजव्या खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. मोबाईल खिशातच होता, त्या दिवशी होता तसाच. ऋषभला निदान कळत नव्हतं. आकारामला कळत होतं. पाठीतून शिरशिरी गेली होती, आणि त्यानं हात दाबून धरला होता. एका पोराची जिरावी म्हणून. त्या पोराचं काहीच बिघडलं नाही, ते तीन दिवसांनी विमानात बसणार होतं. मोरीत रडत होती ती ऐश्वर्या, जिचा बारशाचा फोटो आकारामनंच काढला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. अशी लाज त्याला एकतीस वर्षांत वाटली नव्हती, रिकाम्या फ्लॅशचीसुद्धा नाही.

“कार्ड घाल कॅमेऱ्यात,” तो ऋषभला म्हणाला. “चल अण्णांकडं.”

अण्णा पडवीत घोंगड्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. पुढ्यात पानसुपारीची चंची उघडी पडलेली. दोघांना बघून त्यांनी बसा म्हटलं नाही. दोघं आपणहून बसले.

मोटरसायकलवर बसून येताना आकारामनं बोलणं जुळवलं होतं. पण तो तोंड उघडायच्या आत ऋषभच बोलला. “अण्णा, तुमचा फोटो मी काढला होता. आप्पासो काकांनी काही सांगितलेलं नाही. मीच पुसला.”

अडकित्ता थांबला. “पुसलास? का?”

“तुम्ही कॅमेऱ्याकडं बघत होता म्हणून.”

अण्णांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग आकारामकडं वळले. “ह्यो काय म्हणतोय?”

“खरं हाय, अण्णा. कॅमेऱ्याकडं बघितलं की फोटो बिघडतोय म्हणं. समद्यांचे पुसले ह्यानं. मामांचे, आत्यांचे, समदे.”

“मग बघायचं कुठं?” अण्णांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. “भाताकडं?”



“आणि तू?” अण्णा आकारामला म्हणाले. “तू बी हुतास की. टोपी घालून खांबाला टेकल्यालास. स्टेजवर चढल्याव मी आदूगर तुझ्याकडंच बघितलं. जन्मभर तिकडंच बघत आलोय. तर तुझं हात खिशात. म्हणून मग ह्या पोराला हुडकलं.”

हे आकारामला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, “मोबाईल हुता खिशात, अण्णा. दिसत हुतं मला समदं. काढला न्हाई.”

“का?”

“ह्यांनी मला फोटोला सांगितलं न्हवतं. म्हटलं, पडू दे पोराला तोंडावर.”

 अण्णांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं, चावलं, दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

“म्हंजे,” ते सावकाश म्हणाले, “एकानं काढला आणि पुसला. दुसऱ्यानं बघितला आणि काढला न्हाई. आणि दोघं बी फोटोग्राफर.” त्यांच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागलं. आधी खोकला वाटला. मग ते हसतच सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मांडीवर थापा मारत. “आरं, असलं खोटं बोलाय बी कुणाला सुचायचं न्हाई! आप्पाला तर सात जन्मात न्हाई. खरंच असणार हे!”

ते उठले, मधल्या दाराची कडी काढली आणि पलीकडं तोंड करून ओरडले, “आप्पा! ये हिकडं. दोन येडी आल्यात, बघाय ये.”

आधी ऐश्वर्या आली. हाताला पीठ होतं. दारात ती तशीच उभी राहिली, उंबरा ओलांडावा की नको ते तिला कळेना. अण्णांनी मान हलवली तशी ती आत आली. मागून आप्पासो आले आणि अण्णांनी त्यांना सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली, मधे मधे ऋषभकडं बोट दाखवत. “भाताकडं बघायचं म्हणं!” आप्पासो हसले. मग दोघं भाऊ मिळून दोघा फोटोग्राफरांना शिव्या घालू लागले. एकाला शब्द सुचला नाही की दुसरा पुरवायचा. अकरा वर्षांचं बोलणं तुंबलेलं होतं, ते सगळं आकाराम आणि ऋषभवर रितं झालं. आकारामनं मान खाली घालून निमूट ऐकलं. एवढ्या स्वस्तात सुटका होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

“काढ आता,” अण्णा शेवटी ऋषभला म्हणाले. फेटा आणवून डोक्यावर ठेवला, भावाला शेजारी ओढला, खांद्यावर हात टाकला. ऐश्वर्या पीठ पुसून मध्ये उभी राहिली. ऋषभनं कॅमेरा डोळ्याला लावला. आकाराम सवयीनं बाजूला उभा राहून ओरडला, “नजर हिकडं!” आणि तिघांनी कॅमेरा सोडून त्याच्याकडं बघितलं. मग तो मुकाट्यानं ऋषभच्या मागं गेला, त्याच्या खांद्याशी डोकं आणलं आणि तिथून परत ओरडला. आता तिघंही सरळ लेन्समध्ये बघत होते. ऋषभचं बोट थोडं अडखळलं. मग त्यानं दाबलं.

“झाला?” अण्णांनी विचारलं. “उजेड पडला न्हाई.”

“झाला, अण्णा. हा बघा.”

अण्णांनी चष्मा लावून कॅमेऱ्यातलं चित्र बघितलं. स्वतःला बघितलं, भावाला बघितलं, पोरीला बघितलं. मग हात पुढं केला. “ह्येच्यात कार्ड असतंय न्हवं? काढ ते.”

“अण्णा, मी आज संध्याकाळी मामांच्या स्टुडिओत प्रिंट काढून...”

“तुझा इस्वास न्हाई आणि त्येचा बी न्हाई. उद्या मी सोता स्टुडिओत येतो. माझ्यासमोर छाप.”

ऋषभनं कार्ड काढून दिलं. “त्यात माझे नृसिंहवाडीचे फोटो पण आहेत,” तो चाचरत म्हणाला. “अकराशे. दुसरीकडं घेतलेले नाहीत अजून. माझं विमान तीन दिवसांनी...”

“असू दे,” अण्णा म्हणाले. “धुकं कुठं जात न्हाई.” आणि त्यांनी ते कार्ड चुन्याच्या डबीशेजारी चंचीत टाकून वरून गाठ मारली.